वाजतो खूप, उडत नाही

सातपूरला माझं टू-व्हीलर पेंटिंगचं छोटं गॅरेज आहे. मी आणि सलीमभाई, दोघंच. टच-अपला आम्ही तयार स्प्रे कॅन वापरतो. हा कॅन म्हणजे अजब प्राणी. हलवला की खुळखुळ वाजतो, दाबला की गप्प! फळीवर असे तोंड चोंदलेले कॅन साठत गेले, आणि त्यांच्याबरोबर किस्सेही. कॅन निदान भंगारवाला नेतो. किस्से कोण नेणार? तुम्हीच घ्या!

*

पहिला मान माझ्या नाकाचा. सिल्व्हरचा नवाकोरा कॅन. दाबतोय, दाबतोय, फुस्ससुद्धा नाही. म्हटलं, भोकात काय अडकलंय ते बघू. कॅन तोंडासमोर धरला आणि सवयीनं बोट दाबलं गेलं. त्याला नेमकं तेव्हाच सुटायचं होतं!

चष्म्यामुळे डोळे वाचले. सलीमभाई निरखून बघत म्हणाले, "शेठ, फिनिशिंग एक नंबर आलंय. गाडीवर कधी असं येत नाही!"

*

मग कुणीतरी सांगितलं, नोझल थिनरमध्ये भिजवा. घरी बाल्कनीत एका जुन्या वाटीत ठेवली. बायकोनं डोकावून पाहिलं.

"लवंगा कशाला भिजत घातल्यात?"

"नोझल आहेत गं. तोंड उघडावं म्हणून."

"मग तुम्हीही बसा थोडा वेळ त्यात. माझ्या माहेरचे आले की तुमचंही चोंदतं!"

*

दिंडोरीचे अण्णा, द्राक्षबागायतदार. त्यांच्या बुलेटच्या काळ्या टाकीवर लाल पट्टा मारायचा होता. कॅन असा खोकला, की टाकीभर लाल शिंतोडे! मी पुसायला फडकं घेतोय तोवर अण्णा दारात.

"आयला, हे काय हाय?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "डिझाइन!"

अण्णांनी टाकीभोवती एक फेरी मारली. "लय भारी!"

पुढच्याच आठवड्यात त्यांचा मेहुणा गाडी घेऊन हजर. "दाजींच्यासारखेच शिंतोडे पायजेत." तोच कॅन काढला. तर त्या दिवशी रंग असा मऊ, एकसारखा उडाला, की एक थेंब वेगळा पडेल तर शपथ! उलटा केला, आपटला, शिव्या घातल्या. शेवटी सगळं पुसून टूथब्रशनं शिंतोडे उडवत बसलो.

मेहुणा नाराज. "दाजींचं मशिनवर केलेलं दिसतं. हे हातानं केल्यासारखं वाटतंय!"

*

एकदा वैतागून कॅनच्या कंपनीकडे तक्रार केली, तर टाय लावलेला एक तरुण आला. "सर, कॅन चांगलाय. तुमची टेक्निक चुकते." त्यानं शास्त्रशुद्ध हलवला, शास्त्रशुद्ध अंतरावर धरला, दाबला.

काही नाही.

पुन्हा दाबला. कपाळावर घाम आला. मग माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाला, "सर... ब्रश आहे का?"

*

आणि आमचं शटर. लोक रोज त्याच्यासमोर गाड्या लावून जायचे. गिऱ्हाइकाची गाडी बाहेर काढायची म्हणजे आधी चार दुकानांत फिरून 'ही कुणाची?' विचारा. एका संध्याकाळी ठरवलं, शटरवरच मोठ्या अक्षरांत लिहायचं: 'नो पार्किंग'.

सलीमभाई म्हणाले, "मोठा शब्द आधी बसवा शेठ, म्हणजे जागा कमी पडणार नाही."

मला पटलं. 'पार्किंग' झकास उमटलं. ठळक, पिवळंधमक. 'नो'साठी हात वर नेला आणि कॅन बसला. हलवला, टाचणी घातली, फुंकर मारली. ढिम्म! म्हटलं जाऊ दे, उद्या दुसरा आणून पुरं करू.

सकाळी दुसरा कॅन घेऊन पोचलो. शटरसमोर गाड्यांच्या शिस्तीत दोन रांगा. मी माझी स्कूटर कुठं घुसवावी म्हणून बघत होतो, तेवढ्यात हेल्मेट काढत एक अनोळखी गृहस्थ म्हणाले,

"काका, इथं फुल झालंय. पुढं बघा!"