अर्धं पाऊल मागे

रेषा दोन हातांवर आली असताना धाकट्याने छाती पुढे झोकली आणि ताईची जिंकलेली शर्यत बाद झाली. हा धाकटा म्हणजे प्रस्तुत लेखक; पण त्याला इथे धाकटाच म्हणू, लाज जरा कमी वाटते.

ताईला दिसत नाही. पंधराशे मीटर ती वाटाड्याबरोबर धावते. दोघांच्या हातात एका आखूड दोरीची दोन टोकं. वाटाड्याने वळण सांगायचं, कोण किती मागे आहे ते सांगायचं, पण ओढायचं नाही. आणि शेवटची रेषा तिच्याआधी ओलांडायची नाही. नियम धाकट्याला तोंडपाठ होता. त्याच्या छातीला नव्हता.

छातीचा तरी काय दोष? बाबा आठशे मीटरवाले, आत्या दहा हजारवाली. या घरात वाढदिवस विसरतात, पण कोण कुठे किती सेकंदांत धावलं ते आत्या झोपेतही सांगेल. पोरं चालायला लागली तशी बाबांनी अंगणात खडूची रेघ मारून त्यांना छाती टाकायला शिकवलं. पंधराव्या वर्षी ताईची नजर गेली. वर्षभर ती पळाली नाही. मग एक दिवस आईला म्हणाली, "भिंती चुकवून कंटाळा आला गं. मैदानावर नसतात ना भिंती?" तेव्हापासून ती सकाळी पळते आणि दिवसभर रुग्णालयाच्या चौकशीच्या फोनवर बसते.

बाद झालेल्या शर्यतीवरून परतताना ती म्हणाली, "आता एकच चाचणी उरलीय. पाच मिनिटं दहा सेकंदांच्या आत आले तर संघात, नाहीतर फोन आहेच."

"दुसरा वाटाड्या बघ," धाकटा पुटपुटला.

"बघितला असता रे. इतका बडबड्या मिळायचा नाही."

दुसऱ्या दिवशी तिने शर्यतीत सगळ्याच मुलींना बांधावी लागते ती स्वतःची पट्टी त्याच्या डोळ्यांवर बांधली आणि त्याची दोरी बाबांच्या हाती दिली. "पळ. कळू दे तुला."

चाळीस पावलांत धाकटा दोनदा अडखळला. "ताई, मी सांगायच्या आधी तुला वळण कळतं का गं?"

"कळतं की. वारा कान बदलतो."

त्याने लक्ष दिलं. खरंच, डाव्या कानातला वारा वळणावर उजव्या कानात गेला. तीन वर्षं त्याला वाटत होतं, ती आपल्या आवाजावर वळते.

"मग मी कशाला बोंबलतो?"

"बोंबल तू. पुढच्या पोरी घाबरतात."

इतक्यात बाबा ओरडले, "रेषा!" आणि डोळे बांधलेले असूनही धाकट्याची छाती गेलीच. ताई पोट धरून हसली. धाकट्याने पट्टी ओढून काढली. रोग डोळ्यांत नव्हता तर!

त्याने डोकं चालवलं आणि गुपचूप दोरी हातभर लांब केली, म्हणजे आपण आपोआप मागे राहू. चाचणीच्या दिवशी पंचांनी ती मोजली. "ही शर्यतीची दोरी आहे की गाय बांधायचं दावं? चालणार नाही, गाठ मारूनही नाही."

शर्यत सुरू व्हायला दहा मिनिटं उरली होती. धाकटा ज्याला त्याला दोरी मागत सुटला. शेवटी मागच्या शर्यतीत ज्या मुलीला आयता पहिला नंबर मिळाला होता, तिच्या वाटाड्याने, एका उंच बेकरीवाल्याने, पिशवीतून जादा दोरी काढली. "घ्या. पण परत द्या हं, माझी नशिबाची आहे."

पावणेचार फेऱ्या. शेवटच्या वळणावर बेकरीवाल्याबरोबर धावणारी मुलगी खांद्याला खांदा. "दहा मीटर! पाच!" धाकटा बोंबलला. गॅलरीतून बाबांचा आवाज आला, "मागे! अरे, मागे राहा!" जन्मभर या माणसाने 'पुढे' सोडून दुसरं काही ओरडल्याचं कोणाला आठवत नव्हतं. धाकट्याने ब्रेक लावल्यासारखं अंग मागे टाकलं. दोरी ताणली गेली, ताईची छाती रेषेवरून गेली आणि तिच्यामागून हा लटपटत आला.

पंच फोटो बघत बसले. बराच वेळ. ताई विचारत राहिली, "काय चेहरा आहे त्यांचा? सांग ना!" धाकटा पंचांच्या खांद्यावरून डोकावला.

पाच मिनिटं नऊ पूर्णांक चार सेकंद. वैध.

घरी पोचल्यावर आईने ताईची मूठ उघडली तर आत बेकरीवाल्याची दोरी.

"अगं, परत द्यायची होती ती!"

"देऊ की," ताई म्हणाली. "त्यांना म्हणावं, आधी गाठा, मग घ्या."