एन्योनामचं पस्तिसावं वर्ष

एन्योनाम आमच्या मिशन हॉस्पिटलात बाळंतिणींच्या वॉर्डात मदतनीस होती. मी तिथंच धोबीखान्यात. पोटुशी राहिली म्हणून तिची शाळा अर्ध्यात सुटली होती. मुलगा जरा मोठा झाल्यावर ती पुन्हा परीक्षेला बसली. विज्ञानात दोनदा आपटली, तिसऱ्यांदा पास झाली. तेव्हा ती तिशीची होती. नर्सिंग कॉलेज हॉस्पिटलच्याच आवारात, आणि मेट्रन डेला मॅडमनी शिफारस केल्याशिवाय वॉर्डातल्या कुणाला तिथं घेत नसत.

मॅडम तिला लेकीसारखं वागवायच्या, चर्चमध्ये शेजारी बसवायच्या. ती विचारायला गेली की म्हणायच्या, "पुढच्या वर्षी नक्की. यंदा वॉर्डात माणूसच नाही गं."

एकदा मीच तिला हटकलं, "कॉलेजात पस्तिशीच्या वर घेत नाहीत म्हणे."

"मॅडमना विचारलंय मी. तो नियम बाहेरच्यांना. आपल्या माणसांना नाही."

"आणि नसेल तसं तर?"

"दावी, तुला कपड्यांवरच्या डागांशिवाय काही दिसतच नाही बघ," ती हसून म्हणाली. मी वयानं मोठी, म्हणून मला दावी म्हणायची.

अशी बरीच वर्षं गेली. शेवटी मॅडमनी शिफारस दिली. मुलाखतीच्या दिवशी एन्योनाम माझ्याकडून इस्त्री करून घेतलेला पांढरा ब्लाउज घालून गेली आणि लगेच परत आली. धोबीखान्यात ओल्या चादरींच्या ढिगावर बसली.

"प्रिन्सिपॉल म्हणाले, छत्तीस? अहो, पस्तीसपर्यंतच घेतो आम्ही. कुणी सांगितलं नाही का तुम्हाला?"

"मग तू मॅडमचं नाव घ्यायचंस."

"मॅडम तिथंच बसल्या होत्या, दावी. त्यांच्या शेजारच्या खुर्चीत. मी बघितलं त्यांच्याकडे. त्यांनी ग्लास उचलला आणि पाणी प्यायला लागल्या."

संध्याकाळी ती अजून तिथंच होती, तेव्हा मॅडम स्वतः धोबीखान्यात आल्या. मी चादरी घडी करत राहिले.

"मनाला लावून घेऊ नकोस," त्या म्हणाल्या. "कोर्टात जाऊन शपथेवर वय दोन वर्षं कमी करून आण. कितीतरी जण करतात."

"तुम्हाला नियम ठाऊक होता?"

"तू गेली असतीस तर वॉर्ड कुणी सांभाळला असता? तुझ्यासारखा हात मला दुसरा मिळाला नसता."

"ती वर्षं तुम्ही घेतलीत, मॅडम," एन्योनाम म्हणाली. आवाज चढला नव्हता. "आणि आता ती गेलीच नाहीत म्हणून मी बायबलवर हात ठेवून सांगू?"

दुसऱ्या दिवसापासून ती कामावर आली नाही. तळ्याकाठी मासे धुरावर सुकवून विकायला बसली. बाजारात बायका टोमणे मारायच्या, "नर्सबाई, आमच्या माशाची नाडी बघा जरा." ती ऐकून घ्यायची. वॉर्डातून तिला दोनदा बोलावणं आलं, ती गेली नाही.

तीनेक वर्षांनी मॅडम निवृत्त झाल्या. मोठा समारंभ झाला. मी गेले होते. येताना तिच्या भट्टीपाशी थांबले. धुरानं तिचे डोळे लाल झाले होते.

"जेवण होतं?" तिनं विचारलं.

"जॉलोफ भात होता. बकऱ्याचं मटण होतं." मी म्हटलं, "मॅडम तुझी चौकशी करत होत्या."

तिनं जाळीवरचा एक मासा उलटला, मग दुसरा. "भाषणात नाव घेतलं माझं?"

"नाही."

"बरं," ती म्हणाली, आणि मला बसायला पाट सरकवला.