बिनदाराची खोली

अडत्याच्या अंगाला कापूस चिकटतो आणि डोक्याला किस्से. कापूस झटकता येतो. किस्से मात्र घरापर्यंत येतात, आपल्याआधी पाटावर बसतात आणि बायकोनं वाढायच्या आत सुरू होतात! माझी अडत चिखलीच्या बाजारात. पण निम्मे किस्से बाजारातले नाहीत, आमच्या बालसदनातले आहेत.

महाराष्ट्र नवा नवा झाला होता. गावातल्या काही जणांनी मिळून आईबाप नसलेल्या पोरांसाठी हे सदन काढलं. स्वतःचं भलंबुरं न कळणारी दोन-तीन मोठी माणसंही तिथं राहायची. अध्यक्ष वकीलसाहेब, पुण्यात शिकलेले. सगळा कारभार पाहणाऱ्या सुमनबाई, मोताळ्याकडच्या. आणि चौथी पास मी! पुढचं शिक्षण पुड्या बांधायच्या रद्दीवर झालं.

*

एक दिवस एक माणूस आला. डोळ्यांत पाणी, हातात पेढे.

"कमल माही भाची होय, बाई. तिले घ्यायले आलो."

कमल दहा वर्षांची. ती बाईंच्या पदराला धरून नुसती पाहत राहिली.

बाई म्हणाल्या, "मामा होय ना तुमी? मंग सांगा, लहानपणी डोक्याले खोक पडली होती तिच्या. कोण्या बाजूले?"

"उजव्या!" मामा ताडकन म्हणाला.

"खोक पडलीच नाही कधी!"

पेढे तिथंच टाकून मामा जो पळाला, तो थेट मोटारस्टँडवर! पण त्या दिवसापासून कोणी पाहुणा दिसला की कमल कोपऱ्यातल्या धान्याच्या कणगीमागं जाऊन बसायची.

*

पुढच्या बैठकीत मी नियम मांडला. लहान पोर असो की भोळं माणूस, त्याला कोणी एकट्यानं भेटायचं नाही. सदनाचं एक माणूस समोर पाहिजेच. आणि भेटीच्या खोलीचं दार काढून टाकायचं.

वकीलसाहेबांना ते लागलं. "शेटजी, आपल्याकडे येतात ती घरंदाज माणसं. त्यांच्यावर हा अविश्वास?"

मी म्हटलं, "साहेब, आमच्या बाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरत होता. ज्याचा माल, तो शेतकरी समोर उभा. पण त्याले काही दिसे नाही. त्या रुमालाखालचे हात कोणाचे होते? सगळे घरंदाज!"

वकीलसाहेबांनी पाणी मागवलं. मी त्याच दुपारी दार काढलं.

*

नियमाचा पहिला फटका कोणाला बसला असेल? मला! पोरांच्या सदऱ्यांसाठी कापडाचा तागा घेऊन गेलो, तर सुमनबाई उंबऱ्यात आडव्या.

"थांबा शेटजी. मले हात धुऊन येऊ द्या, मंग मापं घ्या."

"अवो बाई, नियम मीच केला!"

"मंग तुमाले त पाठ असन!"

बसलो ओट्यावर, तागा मांडीवर घेऊन. रस्त्यानं जाणारा प्रत्येक जण विचारे, "काय शेटजी, कापडाची फेरी लावली का?"

*

लग्नसराईत एक यजमान आले. वरातीत गॅसबत्त्या डोक्यावर धरायला पोरं पाहिजेत म्हणे. "जेवण देऊ. वरून पुण्य लागते!"

बाई म्हणाल्या, "मंग तुमच्या पोराच्या डोक्यावर द्या. पुण्य घरातच राहीन!"

*

गोदा तिशीची, पण समज पाच वर्षांच्या पोरीची. कोणी हाक मारली की हसत मागं जायची. एक पाटील बैलगाडी घेऊन आले. "बिचारी इथं कोंडून राह्यली. चार दिवस वावरात नेतो. मोकळी हवा लागन."

बाईंनी त्यांना पाणी दिलं, बसवलं आणि विचारलं, "पाटील, ही मोकळी हवा कापूस वेचायले आल्यावरच काऊन सुटते हो?"

गाडी रिकामी परतली.

*

आणि आता भाऊसाहेब. कापसाच्या जिनिंग कारखान्याचे मालक. सदनाचं छत गळत होतं, ते नवं करून द्यायचं त्यांनी कबूल केलं होतं. दर आठवड्याला खाऊ घेऊन यायचे आणि कमलला बोलवायचे. ती कणगीमागं.

"पोरगी लाजते," ते म्हणायचे. "सगळ्यांसमोर बोलत नाही. मी एकटाच बोलतो तिच्याशी. दार लावून घ्या."

"दार नाही," बाई म्हणायच्या.

शेवटी त्यांनी सागवानी दारच पाठवलं! वर कोरलेलं, 'दानशूर भाऊसाहेब यांजकडून'. सोबत निरोप, दार बसलं तर छत.

बैठक भरली. वकीलसाहेब हळूच म्हणाले, "एक दारच तर आहे, शेटजी. पावसाळा तोंडावर आला."

"गळू द्या छत!" मी ओरडलोच. "अंगावर पाणी पडलं त पोरगं पुसून घेते, साहेब. दाराआड काही झालं त ते काहानं पुसन?"

सुमनबाई मागं वळल्या. कणगीकडं पाहत राहिल्या. वकीलसाहेबांनीही तिकडं पाहिलं. मागून फ्रॉकची कड दिसत होती.

ते उठले, कोट काढून खुंटीला लावला आणि दाराचं एक टोक धरलं.

"शेटजी, दुसरं टोक धरा. हे कुठं बसवायचं ते मला कळलं."

पुढच्या आठवड्यात भाऊसाहेब आले. अंगणात विटांवर दार आडवं टाकलेलं, अक्षरं वर. दोन्ही बाजूंनी पोरं भाकर-वरण खात बसलेली, शेवटाला गोदा. 'दानशूर'वर वरणाचा ओघळ!

"हे काय?" भाऊसाहेब गरजले. "माझं दार?"

पोरांचे हात थांबले. तेवढ्यात कमल ताटावरून उठली. कणगीकडं नाही गेली. जागा करायला बाजूच्या पोराला तिनं ढोसलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

"बसा ना, भाऊसाहेब. इथंच बोला."