कुरुंद्याची लेक म्हणे

आमच्या घरी गादीखाली पत्रकं असायची. बाबा ती हिंगोलीहून छापून आणायचे आणि आम्ही भावंडं घड्या घालायचो. प्रत्येकाच्या तळाशी एकच सूचना असायची : वाचून झालं की दुसऱ्याला द्या, पटलं तर पुन्हा छापा. ‘सर्व हक्क राखीव’ हे शब्द पुढे शाळेच्या गाईडवर दिसले, तेव्हा कुणीतरी तोंडावर दार लावल्यासारखं वाटलं. अजूनही वाटतं.

यंदा कुरुंद्याच्या मावशीची गाणी मी फोनवर रेकॉर्ड केली. उकडलेली हळद वाळत घालताना ती गाते, बरीचशी स्वतः रचलेली. गाणी इंटरनेटवरच्या एका संग्रहात टाकायला बसले, तर तिथे प्रश्न : हक्क राखीव ठेवायचे, बदल न करण्याच्या अटीवर द्यायची, की पूर्ण खुली? माझं उत्तर ठरलेलं होतं : पूर्ण खुली. मावशीला नुसतं कळवायला फोन केला.

“थांब,” ती म्हणाली. “नाक्यावरच्या लग्नात काय झालं ते ऐक आधी.”

कनेरगाव नाक्याच्या वरातीत डीजेवर तिचंच गाणं वाजलं होतं. जयंतीच्या कार्यक्रमात कुणीतरी फोनवर रेकॉर्ड केलेलं, वर ढोल चढवलेला आणि शेवटची ओळ कापलेली. आमच्या बायांच्या गाण्यात शेवटी गाव येतं : ‘कुरुंद्याची लेक म्हणे.’ साखरा गावच्या बाईनं तेच गाणं नेलं तर ती ‘साखऱ्याची लेक’ म्हणते. त्याला कुणाची परवानगी लागत नाही. पण ओळ गाळायची नाही.

“म्या म्हणलं, हे माझं गाणं हाय. तर नवरदेवाचा मामा म्हणतो, गाणं कुठं कुणाचं असतं व्हय, मावशे? नाचा तुमी बी!”

“मग?”

“मग काय, नाचले. गाणं चांगलंच हाय माझं.”

मी चिडले. “बदल करता येणार नाही, असंच टाकते आता.”

“अन् साखऱ्याच्या बायांनी कुरुंद्याचं नाव घ्यायचं? काहून घेतील त्या?”

कुलूप लावलं तर बायाच बाहेर राहणार होत्या. खुलं ठेवलं तर मामा होताच. गायिकेचं नाव द्या, अशीही एक अट होती, पण डीजेच्या गाडीत अटी कोण वाचतो? चिडचिडीत मी बाबांचं एक जुनं पत्रक काढलं. सूचनेखाली बारीक अक्षरात बाबांचं नाव होतं, आमच्या गावाचंही. इतक्या घड्या घातल्या, पण ते कधी वाचलं नव्हतं.

रविवारी कुरुंद्याला गेले. मावशीचं ठरलेलं होतं.

“फोन काढ. पुन्हा गाते.”

या खेपेला तिनं गाव प्रत्येक कडव्यात घातलं. कुठे सुरुवातीला, कुठे मधेच, एकदा तर श्वास घेता घेता.

“आता किती कापतो ते काप म्हणाव.”

“आणि साखऱ्याच्या बाया?”

“घालतील की आपलं गाव. त्यायला काय तोंड न्हाई?”

तिथेच हळदीशेजारी बसून मी ‘पूर्ण खुलं’वर बोट ठेवलं. मावशी निवांत होती, मी नव्हते. परतताना एसटीत मागच्या सीटवर कुणाच्या तरी फोनवर गाणं लागलं. आवाज ओळखीचा नव्हता. तरी मी मान वळवून ते संपेपर्यंत शेवटच्या ओळीची वाट पाहत राहिले.