गंधमुक्ती आणि लक्षवेधी एकाच दिवशी

"ताई, मंगळवारे नानानी गंधमुक्ती शे. बठ्ठा तालुका यी राह्यना. तुमी तं येशातच."

फोनवर चिंचवाड्याचा सुभाष, नानांचा मुलगा, होता आणि मी नागपूरला विधानभवनाच्या पायऱ्यांवर उभी होते. हिवाळी अधिवेशन चालू होतं. पाचच मिनिटांपूर्वी माझे स्वीय सहायक प्रमोद धापा टाकत आले होते. म्हणाले, "ताई, आपली लक्षवेधी लागली. मंगळवारी."

सुभाषला मी म्हणाले, "बघते." आमदाराने 'बघते' म्हटलं की खानदेशात त्याचा अर्थ 'येते' असा घेतात. चूक माझीच. सरळ 'नाही' म्हणायला हवं होतं.

बाहेरच्यांसाठी सांगते. आमच्याकडे कुणी गेलं की तेराव्याच्या सुमाराला गंधमुक्ती करतात. घराने सुतकातून बाहेर यायचं, नात्यागोत्यातल्यांनी टोपी-टॉवेल घालायचा, मग पंगत. लग्नाला एखादा पुढारी आला नाही तर लोक समजून घेतात, कारण एका दिवसात दहा लग्नं असतात. गंधमुक्तीला न येणं मात्र कुणी विसरत नाही. आणि नाना काही साधा माणूस नव्हता. सुभाष माजी सरपंच. त्याने मान हलवली तर चिंचवाड्याची निम्मी मतं हलतात.

लक्षवेधी म्हणजे लक्षवेधी सूचना. आमदार एखाद्या तातडीच्या विषयाकडे सरकारचं लक्ष वेधतो, मंत्र्याला उभं राहून उत्तर द्यावं लागतं. ढिगाने सूचना जातात, त्यातल्या थोड्या स्वीकारल्या जातात, आणि त्यातल्या काहींचाच नंबर लागतो. पुकारा झाला तेव्हा सदस्य जागेवर नसेल तर विषय गेला. माझा विषय अख्ख्या राज्याला क्षुल्लक वाटावा असा होता: चिंचवाड्याच्या हायस्कुलात अकरावीचा वर्ग.

आणि ही मागणी मुळात नानांचीच.

प्रत्येक अधिवेशन संपलं की मी गावोगाव फिरते. पारावर बसून सांगते, काय विचारलं, काय उत्तर मिळालं, काय राहिलं. भाषण नाही, हार नाहीत. चिंचवाड्यात त्याला 'ताईनं सांगनं' म्हणतात. नाना नेहमी पुढे, काठी मांडीवर आडवी. मी अर्धा तास बोलले की ते एकच प्रश्न विचारायचे. मी सांगायची, "मंत्री म्हणाले, तपासून निर्णय घेऊ." नाना म्हणायचे, "तपासीसन म्हंजे कव्हय, ताई?" लोक हसायचे. मीही हसायची. 'कधी' ते मंत्र्यांनीही सांगितलेलं नसायचं.

नानांची नात, सुभाषची मुलगी मयूरी त्या वर्षी दहावीत होती. अकरावीसाठी गिरणा नदीपलीकडच्या गावी जावं लागतं. मध्ये पूल नाही, फरशी आहे. फरशी म्हणजे नदीच्या पात्रात घातलेला सिमेंटचा बुटका रस्ता, कठडा नसलेला. धरणातून शेतीचं आवर्तन सुटलं की पाणी तिच्यावरून जातं. सुभाषने सांगून टाकलं होतं, "पोरले मी पानीमा घालनार नई. दहावी व्हयनी की बस." मुलीचा वैरी नव्हता तो. फरशीवरून एक मोटरसायकल वाहून जाताना त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. पण वर्ग आला नाही तर मयूरीची शाळा जूनमध्ये संपणार होती, आणि शाळा संपलेल्या मुलीचं पुढे काय ठरतं ते मला कुणी सांगायला नको.

आमचे प्रतोद, म्हणजे सभागृहात पक्षाच्या आमदारांना शिस्तीत ठेवणारे, त्यांच्याकडे मी गेले. राजकारणात मुरलेले गृहस्थ. ऐकून म्हणाले, "गंधमुक्तीला जा."

"आणि लक्षवेधी?"

"सूचनेवर आणखी दोघांच्या सह्या आहेत ना? ते विचारतील. वर्तमानपत्रात नाव तुमचंच येईल."

"त्यातल्या एकाने गिरणा पाहिलेली नाही. दुसरा ती नदी आहे की धरण आहे, हे मला विचारत होता."

"ताई, निवडणुकीला वर्ष राहिलं नाही. सभागृहातलं भाषण गावात कोण ऐकतं? पंगतीत कोण बसलं होतं ते सगळे बघतात."

खोटं काहीच बोलत नव्हते, म्हणून जास्त राग आला. मी म्हणाले, "मी थांबते." त्यांनी चष्मा काढून पुसला आणि दुसऱ्या फायलीला हात घातला.

रात्रीच सुभाषला फोन करून स्पष्ट सांगितलं. तुझ्याच गावच्या वर्गाचा विषय आहे, नानांचाच आहे, मला इथे उभं राहावं लागेल.  तो म्हणाला, "विषय काय, पुढलं अधिवेशनमाबी यी. बाप एकदावच जास, ताई." फोन ठेवला. मला जेवण गेलं नाही.

मंगळवारी मी सकाळपासून जागेवर. पाणी प्यायलाही उठले नाही. क्रम आला. अध्यक्षांनी माझं नाव पुकारलं. मी उभी राहिले. समोर मंत्र्यांची खुर्ची रिकामी.

"मंत्री महोदय आज सभागृहात उपस्थित नाहीत. सूचना राखून ठेवण्यात येते."

राखून ठेवणे म्हणजे आज नाही, पुन्हा कधीतरी. मी खाली बसले. शेजारच्या सदस्याला विचारलं, मंत्री गेले कुठे? त्यांनी सहज सांगितलं, "मतदारसंघात. कुणाची तरी गंधमुक्तीच म्हणा ना. तिकडे काय म्हणतात कोण जाणे, पण तेरावाच."

मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. मी न जाऊन गाव घालवलं, ते जाऊन गाव राखत होते, आणि वर्ग तिथेच. दुपारी प्रमोदनी मोबाईल पुढे केला. चिंचवाड्याच्या ग्रुपवर फोटो आले होते. माझ्या जागेवर डोळा ठेवून बसलेले एक इच्छुक वरणाची बादली घेऊन पंगतीत वाढत होते. गडी जन्मात कधी वाढपी झाला नसेल. पण वाढत होता मन लावून.

"ताई, आता घरी निघायचं का?" प्रमोदनी विचारलं. "लक्षवेधी पुन्हा लागेल याची खात्री नाही."

"लावायची," मी म्हणाले.

अधिवेशनाचे थोडेच दिवस उरले होते. राखून ठेवलेल्या सूचना शेवटी सरकारच्या सोयीने वाहून जातात, हे मी एकदा पाहिलं होतं. मी रोज सकाळी अध्यक्षांच्या दालनाबाहेर बसायला लागले. आत चिठ्ठी पाठवायची, "चिंचवाडे". बाकी काही नाही. शिपाई मला बघून हसायला लागला. तिसऱ्या-चौथ्या चिठ्ठीला अध्यक्षांनी आत बोलावलं. "ताई, हे चिंचवाडे आहे तरी कुठे?" मी म्हणाले, "तेच सांगायचंय, महाराज. सभागृहात." शेवटच्या दिवसाच्या कामकाजात विषय आला.

मंत्र्यांचं लेखी निवेदन आधी हातात पडतं. त्यात होतं: जवळच्या गावी कनिष्ठ महाविद्यालय उपलब्ध असल्याने अंतराच्या निकषानुसार नवीन वर्ग देता येत नाही, सबब विलंबाचा प्रश्न उद्भवत नाही. 'प्रश्न उद्भवत नाही' हे सरकारचं लाडकं वाक्य आहे. समोर प्रश्न विचारणारी बाई उभी असते, आणि प्रश्न उद्भवत नाही.

मी उठले. माझं माहेर सोनगीर. तांब्या-पितळेची भांडी ठोकणाऱ्यांच्या आळीत वाढले. ठोक्यांच्या वर आवाज चढवल्याशिवाय तिथे आईला हाकही ऐकू जायची नाही. त्या आवाजाचा सभागृहात उपयोग होतो.

"अध्यक्ष महाराज, हे अंतर मोजलं कुणी?"

"नकाशावरून मोजलेलं आहे," मंत्री म्हणाले.

"नकाशात मध्ये एक निळी रेघ आहे. ती गिरणा आहे. मुलींनी त्या रेघेतून जायचं का?"

थोडं हसू झालं. मंत्री म्हणाले, "पलीकडे जायला पूल आहे, अशी माझी माहिती आहे."

"फरशी आहे, महाराज. पूल पाण्यावर असतो. फरशी पाण्याखाली असते. खरा पूल गाठायचा तर पार भडगावकडून वळसा घ्यावा लागतो. तो वळसा मोजला तर निकषात आमचा वर्ग आरामात बसतो."

मंत्री कागद चाळू लागले. मग आलंच ते वाक्य. "सन्माननीय सदस्यांच्या भावना लक्षात घेऊन तपासून निर्णय घेऊ."

इथे बहुतेक सदस्य 'धन्यवाद' म्हणून बसतात. मला पाराची आठवण झाली, ती आडवी काठी आठवली.

"अध्यक्ष महाराज, तपासून म्हणजे कधी?"

"लवकरच."

"लवकर म्हणजे कधी?"

"ताई, बसा आता," अध्यक्ष म्हणाले.

"बसते, महाराज. जूनच्या आधी का नंतर, एवढं कळलं की बसते. जूननंतर आलेला वर्ग या वर्षीच्या मुलींच्या काय कामाचा?"

विरोधी बाकांवरूनही आवाज आला, "सांगा, सांगा." अधिकाऱ्यांच्या गॅलरीतून मंत्र्यांकडे एक चिठ्ठी आली. त्यांनी ती वाचली, गॅलरीकडे पाहिलं, पुन्हा वाचली. अध्यक्ष म्हणाले, "मंत्री महोदय, स्पष्ट सांगून टाका." आणि ते म्हणाले, "रस्त्याने अंतर मोजून, विशेष बाब म्हणून, येत्या जूनपासून वर्ग देण्यात येईल."

मी बसले. 

चिंचवाड्यात गेले तेव्हा पारावर मोजकीच माणसं. एरवी सतरंजी कमी पडते. कोणी 'या ताई' म्हणेना. मी पारावर बसलेच नाही, सरळ सुभाषच्या घरी गेले. आमच्याकडे दुःखाच्या घरी जाण्याला 'दारावर जाणं' म्हणतात. पण ते गंधमुक्तीच्या आधी. नंतर गेलेलं म्हणजे वरातीमागून घोडं. मागून आलेल्यांपैकी कोणी तसं हळूच म्हणालंही.

सुभाष ओट्यावर होता. उठून आत गेला. नानांची बायको, गावाची अक्का, भिंतीला टेकून बसली होती. मी शेजारी बसले. दारावर गेल्यावर कामाचं बोलायचं नसतं, गप्प बसायचं असतं.  अक्कानेच विचारलं, "मंत्री काय बोलना?"

मग मी तिथेच सांगितलं. मंगळवारी काय झालं, मंत्री कुठे गेले होते, सगळं. लोक ओट्याखाली गोळा होत गेले. शेवटी म्हणाले, "अक्का, नानांचा प्रश्न मी तिथे विचारला. तपासून म्हणजे कधी. सभागृहात बोललेलं लिहून ठेवतात. तो आता कायमचा राहील."

अक्काने पदर सारखा केला. "त्ये ऱ्हाऊ द्या. मंग कव्हय सांगं त्यानी?"

"जूनले."

आतून सुभाषचा आवाज आला. "कोनता जूनले? आदेश शे का हातमा?"

बरोबर होतं त्याचं. सभागृहातलं आश्वासन म्हणजे आदेश नव्हे. मी म्हणाले, "नाही. आणते." दारात मयूरी उभी होती. ती आत गेली नाही.

पुढचे महिने मी मंत्रालयात त्या एका कागदामागे इतक्या वेळा गेले की कक्षातल्या बाई मला 'फरशीवाल्या ताई' म्हणायला लागल्या. एका टेबलावर पुन्हा नकाशा निघाला. मी सभागृहाच्या कामकाजाचा वृत्तांत पुढे ठेवला आणि म्हणाले, आश्वासन पाळलं नाही तर आश्वासन समितीपुढे तुम्हालाच बोलावतील. धमकी होती ती. दिली. आंबे संपायच्या आत आदेश निघाला.

जूनमध्ये वर्ग सुरू झाला. उद्घाटन वगैरे मी करू दिलं नाही. प्रवेशाच्या दिवशी शाळेत सहज डोकावले. सुभाष मयूरीला घेऊन आला होता. त्याने मला पाहिलं, मुख्याध्यापकांसमोर सही केली आणि नमस्कार न करता निघून गेला. पण दारापाशी थांबला. "बाप एकदावच जास," म्हणाला. मी म्हणाले, "हो रे." एवढंच बोलणं झालं.

पुढे निवडणूक झाली. मी निवडून आले. चिंचवाड्यात मात्र मी मागे पडले, आणि बादलीवाले पुढे. प्रतोदांनी फोन करून अभिनंदन केलं आणि त्या गावाचा आकडा मुद्दाम वाचून दाखवला. मी म्हणाले, तुमचं गणित चुकलं नव्हतं.

नवे आमदार विचारतात, तेव्हा मी त्यांना तेच गणित सांगते. ज्याला मतंच हवीत त्याने पंगतीत वाढावं. वर्ग हवा असेल तर जागेवर बसून राहावं. दोन्ही हवं असेल तर मंत्र्यांना विचारा, ते कसं जमवतात.

चिंचवाड्याच्या पारावर मी अजून जाते. सतरंजी आता पुन्हा भरते, सुभाष येत नाही. मयूरी बारावीत आहे. मागच्या वेळी मी सांगत होते की नव्या अधिवेशनात फरशीऐवजी पुलाचा प्रश्न टाकलाय, मंत्री म्हणाले तपासून बघू. मुलींच्या घोळक्यातून तिचा आवाज आला.

"तपासीसन म्हंजे कव्हय, ताई?"

लोक हसले. मी या वेळी हसले नाही. लिहून घेतलं. पोरगी येत्या वर्षी अठराची, म्हणजे मतदार होते.