आवाज कुठं मरतो

आमच्या सांगलीच्या हळदीच्या गोदामात वायरलेस बसवायला साताऱ्याकडचे एक निवृत्त फौजी आले होते. नव्वदच्या दशकातली गोष्ट. महिन्यापूर्वी हळकुंडं घासणाऱ्या पॉलिशच्या ड्रममध्ये एका बाईचा पदर अडकला होता आणि तिची हाक ऑफिसपर्यंत पोचलीच नव्हती. थोडक्यात वाचली. मी म्हणालो, "दहा सेट द्या."

"आवं मालक, सेटचं मागनं ठरवू. आदी आवाज कुठं मरतोय ते बघू."

दिवाणजी ऑफिसात बसून फौजींनी आणलेल्या एका सेटवर मोठ्यानं आकडे म्हणत राहिले. दुसरा सेट माझ्या हातात होता. फौजी पत्रे, भिंती, पोत्यांच्या थप्प्या न्याहाळत पुढं चालायचे आणि मध्येच वाकून जमिनीवर खडूनं फुली मारायचे. मी त्या फुलीवर उभा राहिलो की दिवाणजींचा आवाज तुटायचा. एकदाही चुकलं नाही.

"दोनच घ्या. एरियलचा खांब तेवढा पाण्याच्या टाकीवर उंच लावा. शेड वाढली की सेट वाढवा."

शेवटची फुली त्यांनी ड्रमपाशी मारली. "हितनं कुनी वरडलं, तर तुमास्नी कळायचं न्हाई."

त्या बाईचं मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं.