चारही इंजेक्टर ट्रेमध्ये होते

"हात काढ! ए... हात काढ भायेर, बोललो ना!"

तात्या असे ओरडले की पलीकडे ट्रेलरमधून लोखंडी पट्ट्या उतरवणारे हमालसुद्धा थांबले. माझा मेव्हणा दिनेश तेव्हा बॉनेटमध्ये कमरेपर्यंत वाकलेला होता. उजवा हात रेडिएटर आणि पंख्याच्या मधल्या सांदीत घालून तो बेल्टचा नट ढिला करत होता. दचकून त्याने हात मागे ओढला. पाना आतच राहिला.

आणि मग पंखा फिरला.

आधी ओरडणं, मग पंखा. हा क्रम लक्षात ठेवा, माझी झोप त्यानेच उडवलीय.

कळंबोलीला लोखंड बाजाराच्या मागच्या रस्त्यावर माझं डिझेल गाड्यांचं गॅरेज आहे. मूळचा मी साताऱ्याकडचा. ओळखणारे सांगतील, हा माणूस पावशेराचं मणभर करून सांगतो. कबूल. घाटात ब्रेक फेल झालेला ट्रक मी नुसत्या शिव्या घालून थांबवला, ही गोष्ट मी आजवर तीन लग्नांत सांगितलीय, आणि दर लग्नात ट्रकची दोन चाकं वाढलीत. पण भुताखेतांवर माझा विश्वास कधीच नव्हता. गाडीला लिंबू-मिरची बांधून आणणाऱ्याला मी विचारायचो, "ही कितव्या सिलेंडरला जोडायची?" तेव्हा हे जे लिहितोय ते, उलट, चार आणे कमी करूनच लिहितोय...

तात्या जुईनगरच्या बाजूच्या गावठाणातले कोळी. सत्तरीचे, मासळीच्या धंद्यात हयात गेलेली. येताना आमच्यासाठी सुक्या बोंबलांची पिशवी घेऊन आले होते. गाडी त्यांची जुनी - जिच्यात कॉम्प्युटर-सेन्सर काही नाही, नुसता पंप आणि सिलेंडरमध्ये डिझेल फवारणारे इंजेक्टर. तक्रार काय, तर "सकाली उटत नाय. उटली तं धूर सोरते, नं चढावाला जीव टाकते."

आमची तपासायची पद्धत जुनीच. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजेक्टरवर टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची, डॉक्टरच्या नळीसारखी. इंजिनच्या पोटातला प्रत्येक आवाज त्या सळईतून कानात येतो. तिसऱ्या सिलेंडरची टिकटिक मला लगेच कळली. इंजेक्टर चोंदलेला, डिझेलच्या लाइनमध्ये हवा, बेल्ट सैल. किरकोळ कामं. "तात्या, तासाभरात नवरी करून देतो," म्हटलं.

आता नीट वाचा. चारही इंजेक्टर आम्ही काढले होते, ते ट्रेमध्ये पेपरवर मांडलेले. बॅटरी काढून गाळ्याच्या दुसऱ्या टोकाला चार्जिंगला लावलेली. डिझेलचा पाइप सुटा, त्याच्या तोंडात चिंधी कोंबलेली. गाडी न्यूट्रलमध्ये, चाकाखाली दगड, चावी भिंतीवरच्या खिळ्याला. ज्यांना डिझेलचं कळत नाही त्यांना सांगतो - इंजेक्टर काढलेलं इंजिन म्हणजे बूच काढलेली बाटली. आत दाबच धरत नाही. आणि दाब नाही तर डिझेल पेटत नाही. मुळात डिझेलच नव्हतं.

भर दुपार. पत्रा इतका तापलेला की वर पापड भाजले असते. तात्या दाराशी पालथ्या पिंपावर बसून पेंगत होते... निदान मला तरी तसं वाटलं.

ते ओरडले. दिनेशचा हात बाहेर आला. पंखा फिरला. तेरा नंबरचा पाना पात्यात सापडला, दोनदा खणाणला आणि माझ्या पायाशी येऊन पडला. मधोमध वाकलेला. तेरा नंबरचा पाना कसा वाकतो ते मी बावीस वर्षांत पाहिलेलं नव्हतं.

इंजिन चालू होतं. तेही कसं, तर अगदी एकसारखं. धूर नाही, टिकटिक नाही. इतकं सुरेख ट्यूनिंग आम्हाला कधी जमलेलं नाही, हे मी धंद्याची लाज सोडून लिहितोय.

मी ट्रेकडे पाहिलं. चारही इंजेक्टर जागेवर. मग इंजिनकडे. इंजेक्टरच्या भोकांतून हवा फसाफसा बाहेर यायला हवी होती. मी वर तळहात धरला. काही नाही. फुंकरसुद्धा नाही.

मग सवयीने हात गेला म्हणा, किंवा डोकं चालेनासं झालं म्हणून म्हणा, मी स्क्रू-ड्रायव्हर उचलला, टोक इंजिनवर टेकवलं आणि मूठ कानाला लावली.

आत आवाज नव्हता.

बाहेर इंजिन धडधडतंय, समोर पंखा गरगरतोय, आणि त्या सळईत शांतता. बंद इंजिनलाही कान लावला तर बाजाराची खणखण, रस्त्याची थरथर, काहीतरी येतंच. हे तसंही नव्हतं. तिकडून कोणीतरी कान लावून माझं ऐकत असावं, तशी ती शांतता होती. मी सळई टाकून दिली.

दिनेश भिंतीला टेकून खाली बसला होता. उजवी मूठ घट्ट मिटलेली, डोळेही मिटलेले.

"दाजी, माझी बोटं मोजा."

"आहेत रे, सगळी आहेत."

"मोजा. मी नाही बघणार."

हा पोरगा इंजेक्टरची सुई नुसत्या बोटांनी चाचपून सांगतो, किती झिजलीय ते. त्याला गावाहून आणला तेव्हा बायकोने मला एकच बजावलं होतं, "माझा भाऊ जसा नेताय तसाच अख्खा परत आणा." मी त्याची मूठ सोडवली. पाच.

"परत मोजा," तो म्हणाला.

मी परत मोजली. घाईत एक बोट दोनदा धरलं, सहा भरली.

तेवढ्यात तात्या उठले. सावकाश गाडीपाशी आले. बैलाच्या पाठीवर थोपटावं तसं मडगार्डवर दोनदा थोपटलं. इंजिन बंद. किती वेळ चाललं? लोकांना मी अर्धा तास सांगतो. खरं म्हणजे तीन-चार मिनिटं असतील. तेवढी पुरली.

आता खाली कॉमेंटमध्ये जाणकार मंडळी लिहितील - इंजिन स्वतःचंच ऑइल पिऊन पळत सुटतं, नॉर्मल आहे. मंडळी, तशी पळालेली इंजिनं मी हवेच्या तोंडात पोतं कोंबून बंद केलीत. पण त्यालाही दाब लागतो, आणि ती पळतात ती किंचाळत, धुराचे लोट सोडत. हे तर झोपलेल्या माणसासारखं संथ चाललं होतं. दुसरं काही सुचत असेल तर जरूर सांगा. कळंबोलीतल्या सगळ्या मिस्त्रींना विचारून झालं.

दिनेशने त्या गाडीला परत हात लावला नाही. इंजेक्टर मीच बसवले, बेल्टही मीच ताणला, दर नटाला एकदा तात्यांच्या तोंडाकडे बघत. गाडी पहिल्या झटक्याला उठली. तात्या आत बसले, तेव्हा मी खिडकीला धरून उभा राहिलो.

"तात्या, ही गाडी तुमच्याआधी कोणाची होती?"

"कोनाची नाय. पयल्यापासून माजीच हाय."

"मग एक सांगा. पंखा फिरायच्या आधी ओरडलात तुम्ही. आधी. तुम्हाला कळलं कसं?"

तात्यांनी गिअर टाकला.

"मागच्या टायमाला मना उशीर झालता."